नागपुरात राहून सामाजिक माहितीपट : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

सामाजिक प्रश्नांवर माहितीपट करायचा म्हटले की नागपुरातील बहुतेक तरुणांच्या मनात आधी मुंबई-पुण्याचा विचार येतो आणि त्यानंतर कॅमेऱ्याचा. हे दोन्ही विचार निदान पहिले वर्षभर बाजूला ठेवावेत. माहितीपट हे त्याच त्या दारात पुन्हा पुन्हा जाण्याचे काम आहे. पहिल्या भेटीत माणसे तुम्हाला तेच सांगतात जे त्यांनी तुमच्याआधी आलेल्या पत्रकाराला, सर्वेक्षकाला आणि पुढाऱ्याला सांगितलेले असते. पाचव्या-सहाव्या खेपेला ती तुमच्यासमोर भांडतात, हिशेब करतात, गप्प बसतात, आणि खरा चित्रपट तिथून सुरू होतो. मुंबईहून आलेल्या पथकाच्या डोक्यावर हॉटेलचे भाडे आणि परतीचे तिकीट असते. गणेशपेठच्या बसस्थानकावरून सकाळची एस.टी. धरून संध्याकाळी घरी परतणाऱ्याला मात्र वर्षभर जाता येते. पुढे दिलेल्या सगळ्या पायऱ्या या एका सोयीच्या आधाराने रचलेल्या आहेत.

आधी पोटापाण्याचे

या क्षेत्रात नोकरीची ठरलेली शिडी नाही, हे पहिल्या दिवशीच समजून घ्यावे. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने कित्येक दशके पगारी दिग्दर्शक आणि छायाचित्रणकार सांभाळले. ती संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. आज सामाजिक माहितीपट करणारा माणूस जवळजवळ नेहमीच स्वतंत्रपणे काम करतो आणि दुसऱ्या कुठल्यातरी कामावर घर चालवतो. नागपुरात ती कामे म्हणजे लग्नसमारंभांचे चित्रीकरण, वृत्तवाहिन्यांसाठी स्ट्रिंगर (बातमीगणिक पैसे मिळणारा वार्ताहर) म्हणून काम, संकलन, शिकवणी, आणि सामाजिक संस्थांसाठी छोट्या फिल्म्स. लग्नाच्या शूटिंगला नाक मुरडणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की पुन्हा न घडणारा क्षण, अपुरा प्रकाश, लाउडस्पीकरचा गोंगाट आणि कुणालाही थांबवण्याची मुभा नसणे, या चारही गोष्टी मांडवाइतक्या चांगल्या दुसरीकडे कुठे शिकायला मिळत नाहीत.

संस्थांच्या फिल्म्सना बऱ्याचदा कंपन्यांचा सीएसआर म्हणजे सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी असतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि त्या खर्चाचा अहवाल देताना एखादी फिल्मही लागतेच. हे काम जरूर करावे, पण ती संस्थेची जाहिरात आहे याचे भान ठेवून. तिथले फुटेज स्वतःच्या माहितीपटात वापरता येईल की नाही, हे करारात आधीच लिहून घ्यावे. हक्क लेखी हस्तांतरित करताना मुदत लिहिलेली नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असे वाक्य समोरच्याने घातले असेल तर त्याची किंमतही मागावी. मानधनातून साधारण १० टक्के टीडीएस कापला जातो, तो विवरणपत्र भरून बहुतेकदा परत मिळवता येतो; इतक्या साध्या कामाचा आळस करून दरवर्षी पैसे सोडून देणारे पुष्कळ आहेत.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. नागपूर विद्यापीठाचा जनसंवाद विभाग, अमरावतीचे भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र आणि वर्ध्याचे हिंदी विश्वविद्यालय ही जवळची ठिकाणे. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-प्रशिक्षण संस्थेचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा माध्यमविषयक अभ्यासक्रम हे थोडे लांबचे पर्याय. पदवीचा खरा उपयोग सोबती मिळण्यासाठी होतो, कारण पुढे तुमचा साऊंड रेकॉर्डिस्ट आणि एडिटर बहुधा त्याच वर्गातला निघतो.

विषय कुठे सापडतो

विषय शोधण्यासाठी नागपूरकरांना डिसेंबरसारखा महिना नाही. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन इथे होते आणि त्या दिवसांत राज्यभरातले मोर्चे शहरात उतरतात. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शिक्षक, धरणग्रस्त, कंत्राटी कामगार, जातीच्या दाखल्यासाठी वर्षानुवर्षे झगडणारे समाज, असे सगळे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला किंवा टेकडी रोडला अडवले जातात आणि तिथेच रस्त्यावर बसून शिदोरी सोडतात. नव्या माणसाने या काळात कॅमेरा घरी ठेवून फक्त निवेदने गोळा करावीत. प्रत्येक मोर्चाच्या हातात मागण्यांचा एक छापील कागद असतो. त्यावर गाव, तालुका, शासन निर्णयाचा क्रमांक आणि आधीच्या आश्वासनांच्या तारखा असतात. अशी तीस-चाळीस निवेदने एकत्र वाचली की कुठली मागणी यंदा पहिल्यांदा आली आणि कुठली वीस वर्षे येते आहे, हे कळू लागते. दुसऱ्या प्रकारच्या मागणीत माहितीपट असण्याची शक्यता अधिक. शिष्टमंडळ मंत्र्यांना भेटून बाहेर आल्यावर वृत्तवाहिन्या निघून जातात. तुम्ही त्याच मोर्चातल्या एखाद्या बाईंसोबत त्यांच्या गावापर्यंत परतीचा प्रवास करावा.

हे मोर्चे निव्वळ दृश्य म्हणून पाहू नयेत, याची आठवण झिरो माइलजवळचे गोवारी स्मारक करून देते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी आदिवासी म्हणून मान्यता मागणाऱ्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मृत्युमुखी पडली. नागपुरात मोर्चा चित्रित करणाऱ्या प्रत्येकाने त्या दिवसाची वर्तमानपत्रे ग्रंथालयात बसून एकदा वाचलेली असावीत.

विदर्भाच्या बाबतीत एक सावधगिरी. बाहेरून येणारा जवळपास प्रत्येक जण शेतकरी आत्महत्येचाच विषय घेतो, आणि त्यामुळे यवतमाळ, वर्धा, अमरावती या जिल्ह्यांतील कित्येक विधवांना नवऱ्याची तसबीर हातात धरून कॅमेऱ्यासमोर बसण्याची सवय लावली गेली आहे. तुम्हीही तेच करणार असाल तर न केलेले बरे. त्याच घरात इतर प्रश्न पडलेले असतात: सातबारा कुणाच्या नावावर झाला, सासऱ्यांनी वावर कसायला दिले की नाही, मदतीची १ लाख रुपयांची रक्कम 'पात्र' ठरली की 'अपात्र', सोसायटीचे कर्ज कुणी फेडले. यापैकी कुठलाही एक प्रश्न धरला तरी एका चित्रपटाला पुरतो. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या राखेने भरलेले बंधारे, भांडेवाडीचा कचरा, बंद पडलेल्या एम्प्रेस मिलचे कामगार, सिकलसेलचा आजार असलेली कुटुंबे, ताडोब्याच्या भोवतालच्या गावांतील वाघाची भीती, किंवा १९८८ मध्ये भूमिपूजन झालेल्या गोसीखुर्द धरणामुळे उठलेली गावे, ही सारी एका दिवसाच्या अंतरातली कामे आहेत.

सरावासाठी मात्र स्वतःचे शहर पुरेसे आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर लोटणारा जनसागर, या दोन दिवशी पाच-पाच मिनिटांची एक फिल्म, निवेदनाशिवाय, करून पाहावी. दीक्षाभूमीवर गर्दीकडे सगळेच कॅमेरे वळतात. पुस्तकांच्या दुकानासमोर पैसे मोजून पुस्तक निवडणाऱ्या एका कुटुंबापाशी अर्धा तास उभे राहिलात, तर तुमची फिल्म निराळी होईल.

कागद आणि पाहणी

विषय ठरला की शूटिंगच्या आधी दोन-तीन महिने वाचन आणि रेकी (जागेवर जाऊन केलेली पाहणी) यांत घालवावेत. माहितीचा अधिकार हे इथले सर्वांत स्वस्त साधन आहे: अर्जाचे शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा; त्यामुळे सर्व प्रश्न एका अर्जात कोंबण्यापेक्षा चार सुटे अर्ज टाकावेत. उत्तर मिळाले नाही किंवा टोलवाटोलवी झाली, तर तो पत्रव्यवहारही जपून ठेवावा, कारण कधी कधी पडद्यावर तोच जास्त बोलतो.

पाहणी म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. पूर्व विदर्भात आणि कामठीसारख्या ठिकाणी घरोघरी बिड्या वळल्या जातात. पहिल्या दिवशी तुम्हाला दिसतात ते वेगाने चालणारे हात: भिजवलेले तेंदूपान, त्यावर ठेवलेला पत्र्याचा फर्मा, कात्रीची एक फेरी, चिमूटभर तंबाखू, वळण, दोऱ्याचा वेढा. हे दृश्य सुंदर आहे आणि आतापर्यंत शेकडो वेळा चित्रित झालेले आहे. आठवडाभर बसल्यावर लक्षात येते की संध्याकाळी ठेकेदाराच्या माणसासमोर बंडले ठेवताना त्याच हातांची हालचाल बदलते. मजुरी हजारावर मिळते; त्यातून काही बिड्या 'छाट' म्हणून बाजूला काढल्या जातात, त्यांचे पैसे मिळत नाहीत आणि बऱ्याचदा त्या परतही मिळत नाहीत. बाई त्या काढलेल्या बिड्यांकडे पाहत नाही, त्या काढणाऱ्या बोटांकडे पाहते. कॅमेरा कुठे ठेवायचा आणि किती वाजता ठेवायचा, हे तुम्हाला या एका गोष्टीवरून कळते. रेकीतून नेमके एवढे हाती लागले तरी ती सार्थकी लागली असे समजावे.

हंगामाचे वेळापत्रकही याच टप्प्यात मांडावे. मोहफुले मार्च-एप्रिलला, तेंदूपान मे महिन्यात, भंडारा-गोंदियाकडची धानाची रोवणी जुलैच्या आसपास, सोयाबीनची कापणी ऑक्टोबरला आणि कापसाची वेचणी दिवाळीनंतर. एक हंगाम चुकला की चित्रपट पुरता एक वर्ष पुढे जातो, आणि निधी देणाऱ्याला हे समजावणे फार कठीण असते.

संमती

संमतीपत्रावर अंगठा घेतला म्हणजे संमती मिळाली, असे नाही. चित्रपट कुठे दिसेल, कोण पाहील, गावातल्या मोबाइलवर तो पोहोचला तर काय होईल, हे त्या माणसाच्या बोलीत सांगावे. वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी किंवा माडिया येणारा सोबती नसेल तर त्याच्याशिवाय पुढे जाऊ नये. कागदाच्या जोडीला कॅमेऱ्यावरही संमती नोंदवावी, आणि रफ कट (कच्चे संकलन) दाखवल्यावर अमुक भाग काढा असे म्हणण्याचा हक्क त्यांना कुठपर्यंत आहे, ते आधी ठरवून घ्यावे.

काही बाबतींत नेहमीची संमती पुरत नाही. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या सज्ञान व्यक्तीची ओळख तिच्या स्वतःच्या लेखी परवानगीशिवाय उघड करणे गुन्हा आहे. पोक्सो आणि बालन्याय कायद्यान्वये मुलांच्या बाबतीत शाळा, घर, नातेवाईक यांवरूनही ओळख पटता कामा नये. फक्त चेहरा धूसर करून भागत नाही, आवाज आणि भिंतीवरचा कुटुंबाचा फोटोही ओळख सांगतो.

याहून सूक्ष्म धोके असतात. आत्महत्येच्या प्रकरणात मदतीचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती घेते, आणि कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे की परवानाधारक सावकाराचे, यावर पात्रता अवलंबून असते. प्रकरण प्रलंबित असताना घरच्या बाईने कॅमेऱ्यासमोर सहज उच्चारलेले 'खाजगीतून पैसे घेतले होते' हे वाक्य तिच्या विरोधात जाऊ शकते. असे वाक्य चित्रपटासाठी कितीही मोलाचे वाटले तरी निकाल लागेपर्यंत ते कपाटात ठेवावे.

पैसे द्यावेत की नाही, यावर मतभेद आहेत. माझे मत असे की बोलण्याचे पैसे देऊ नयेत, पण शूटिंगमुळे ज्याची रोजी बुडते त्याला त्या दिवसाची मजुरी द्यावी, आणि हा नियम पहिल्याच भेटीत सर्वांसमोर सांगावा.

शूटिंग

आहे त्या कॅमेऱ्याने सुरुवात करावी. मधल्या किमतीचा मोबाइलही चालतो. पैसे आवाजावर खर्च करावेत: एक कॉलर माईक, एक बूम (काठीवरचा माईक) आणि चांगला हेडफोन. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ही मांडणी कायम ठेवावी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे, मोबाइलच्या मूळ ३० फ्रेमच्या मांडणीवर ट्यूबलाइटखाली घेतलेले चित्र लपलपते आणि ते संकलनात नीट दुरुस्त होत नाही.

विदर्भात आवाजाचा सर्वांत मोठा शत्रू कूलर आहे. एप्रिल ते जून या काळात मुलाखत घ्यायची तर कूलर चालू असताना एकही वाक्य वापरण्याजोगे मिळत नाही, आणि बंद केला तर पाच मिनिटांत समोरचा माणूस घामाने निथळतो. उपाय दोन. शक्यतो सकाळी सहा ते आठ या वेळेत बोलावे. नाहीतर कूलर-पंखा बंद करून तीन-चार मिनिटांचे तुकडे करावेत आणि मध्ये विश्रांती द्यावी. घरात फ्रीज असेल तर तोही बंद करावा आणि आपल्या गाडीची किल्ली त्याच फ्रीजमध्ये ठेवावी, म्हणजे तो पुन्हा सुरू केल्याशिवाय निघताच येत नाही. दर खोलीत, सर्वांना गप्प बसवून, एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करावी. संकलनात वाक्यांमधली भोके याच शांततेने बुजवायची असतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा मोबाइल आणि छोटे कॅमेरे तापून बंद पडतात, म्हणून दुपारी कॅमेरा ओल्या रुमालात नव्हे तर सावलीत, हवा लागेल असा ठेवावा.

परवानग्यांपैकी रेल्वे आणि वनखाते यांची लेखी परवानगी लवकर मागावी. नागपुरात विमानतळ आणि हवाई दलाचा तळ असल्याने शहराच्या मोठ्या भागात ड्रोन उडवता येत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा ऑनलाईन नकाशा पाहिल्याशिवाय तो पेटीबाहेर काढू नये. खरे तर पहिल्या माहितीपटात ड्रोन नसला तरी कुणाचे काही अडत नाही.

रोज रात्री फुटेजच्या तीन प्रती: दोन वेगवेगळ्या साठवणींत आणि एक दुसऱ्या घरी. त्याच रात्री वहीत नोंद, कुठल्या क्लिपमध्ये कोण काय बोलले.

संकलन आणि भाषा

तासाभराच्या माहितीपटासाठी चाळीस-पन्नास तासांचे फुटेज सहज जमते. ते सारे एकदा सलग पाहावे, मुलाखती शब्दशः लिहून काढाव्यात आणि आधी कागदावर संकलन करावे. डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती या कामाला पुरते. वरून गंभीर आवाजातले निवेदन आणि खाली बासरी, हा साचा शक्य तितका टाळावा. तो वापरला की प्रेक्षकाला काय वाटायला हवे ते आधीच सांगून झालेले असते. वऱ्हाडी किंवा झाडीबोली बोलणाऱ्याची सबटायटल्स मराठीत देताना ती प्रमाण भाषेत 'शुद्ध' करू नयेत, जसे बोलले तसेच लिहावे. कुठल्याही गाण्याचा तुकडा, अगदी पार्श्वभूमीला रेडिओवर वाजणारासुद्धा, हक्क घेतल्याशिवाय ठेवू नये.

या टप्प्याला किती वेळ लागेल, ते सांगता येत नाही. माहितीपटकार आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' २०११ मध्ये पूर्ण झाला, तो सुरू झाल्यानंतर १४ वर्षांनी. १९९७ मध्ये मुंबईच्या रमाबाई नगरात पोलिसांनी केलेल्या गोळीबारानंतरची न्यायालयीन लढाई जितकी चालली तितका तो चालला. तुमच्या विषयाचा निकाल न्यायालयात किंवा मंत्रालयात अडकलेला असेल, तर कुठे थांबायचे ते आधीच ठरवावे, नाहीतर चित्रपट कधीच संपत नाही.

निधी आणि प्रदर्शन

पहिला माहितीपट बहुधा स्वतःच्या पैशाने होतो. दुसऱ्यासाठी बेंगळुरूचे इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स, कोलकात्याचे डॉकएज, गोव्यातील फिल्म बाजार, अॅमस्टरडॅमचा इडफा बर्था फंड अशी दारे ठोठावता येतात. परदेशी निधी घेण्यापूर्वी मात्र परकीय योगदानविषयक कायदा जाणणाऱ्या चार्टर्ड अकाउंटंटला भेटावे. अर्जात तुमच्या कळकळीपेक्षा तुमचा प्रवेश पाहिला जातो: या माणसांच्या घरात तुम्हाला कुणी, का आणि किती दिवसांपासून येऊ देत आहे. इथे नागपूरकराचे वर्षभराचे हेलपाटे कामी येतात, त्यामुळे ते अर्जात तपशिलाने लिहावेत.

सार्वजनिक प्रदर्शनासाठी १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते. आपल्यासाठी कार्यालय मुंबईचे, अर्ज ऑनलाईन. महोत्सवांना केंद्राकडून सूट मिळवता येते. राष्ट्रीय पुरस्कारांच्या कथाबाह्य (नॉन-फीचर) विभागासाठी मात्र प्रमाणपत्र हवेच, म्हणून ज्यांना तिथे अर्ज करायचा आहे त्यांनी ते डिसेंबर संपण्यापूर्वी हाती पडेल असे पाहावे.

महोत्सवांपैकी दर दोन वर्षांनी भरणारा मुंबईचा 'मिफ' आणि तिरुवनंतपुरमचा केरळचा माहितीपट व लघुपट महोत्सव, हे दोन नव्यांनी आधी पाहावेत, मग तिथे पाठवावे. अनेक महोत्सव पूर्वी कुठे न दाखवलेलाच चित्रपट घेतात. म्हणून चित्रपट तयार झाल्याच्या उत्साहात तो यूट्यूबवर टाकणे म्हणजे वर्षभराचे दरवाजे स्वतःच्या हाताने लावून घेणे. ज्यांच्यावर तो केला त्यांना मात्र तो आधी, त्यांच्या गावात, समाजमंदिरात किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर दाखवावा, आणि त्यांच्या हरकती ऐकून मगच अंतिम प्रत काढावी. निवड समितीला पाठवायच्या संचात एका परिच्छेदाचा सारांश, दिग्दर्शकाचे एक पानी टिपण, तीन मिनिटांचा ट्रेलर, चार स्थिरचित्रे आणि पासवर्ड असलेली लिंक एवढे असावे. लिंक मोबाइल डेटावर उघडते का ते तपासावे आणि निकाल लागेपर्यंत पासवर्ड बदलू नये.